पुरस्कार मार्चमध्ये, खर्चबंदी एप्रिलमध्ये : ग्नोमच्या आउटरीच कार्यक्रमाचे प्रकरण

मार्च २०१४ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने समाजोपयोगी प्रकल्पासाठीचा आपला वार्षिक पुरस्कार ‘आउटरीच प्रोग्रॅम फॉर विमेन’ या, स्त्रियांना मानधनावर सॉफ्टवेअर-प्रकल्पांत काम करण्याची संधी देणाऱ्या कार्यक्रमाला दिला. हा कार्यक्रम चालवणाऱ्या ग्नोम फाउंडेशनच्या संचालक मंडळाला महिनाभरातच, म्हणजे एप्रिलमध्ये, आपल्या सभासदांना कळवावे लागले की संस्थेची गंगाजळी आटली आहे आणि अत्यावश्यक नसलेला सर्व खर्च गोठवण्यात येत आहे. या टंचाईचे मुख्य कारण म्हणून मंडळाने त्याच कार्यक्रमाच्या पैशांच्या व्यवहाराकडे बोट दाखवले होते. ज्या कामासाठी संस्थेचे कौतुक होत होते तेच काम तिला रोख पैशाच्या अडचणीत घेऊन गेले, हे कसे घडले आणि पुढे त्यातून वाट कशी निघाली, याची ही मांडणी आहे.

हे प्रकरण निवडण्यामागे एक कारण आहे. स्वयंसेवी ओपन सोर्स प्रकल्पांत, म्हणजे ज्यांचा कोड कोणालाही पाहता, वापरता आणि सुधारता येतो अशा सॉफ्टवेअर-प्रकल्पांत, नव्या लोकांना सामावून घेण्याविषयी जे लिहिले-बोलले जाते, ते बहुधा वृत्तीविषयी असते : स्वागतशील असावे, नवख्याच्या प्रश्नाला हसू नये, भाषा सांभाळावी. हे सगळे आवश्यक आहेच. परंतु ग्नोमच्या लोकांत सद्भावनेची उणीव नव्हती आणि कार्यक्रमाची आखणीही उत्तम होती. उणीव होती ती बिले पाठवून पैसे वसूल करणाऱ्या माणसाची. चांगल्या हेतूने उभा राहिलेला उपक्रम हिशेबाच्या टेबलावर कसा अडखळतो आणि अडखळल्यावर दोष हिशेबाला न लागता हेतूलाच कसा लागतो, हे या प्रकरणात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसते.

पार्श्वभूमी

ग्नोम हा लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालणाऱ्या संगणकांवर वापरला जाणारा डेस्कटॉप आहे. संगणक सुरू केल्यावर दिसणारा पडदा, खिडक्या, फाइली उघडण्याची सोय, सेटिंग्ज असे सगळे त्यात येते. मेक्सिकोतील मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना यांनी १९९७ मध्ये त्याची सुरुवात केली. २००० मध्ये ग्नोम फाउंडेशन स्थापन झाले. ही ना-नफा संस्था कोणाला कोड लिहायला सांगत नाही. परिषदा भरवणे, स्वयंसेवकांना प्रवासखर्च देणे, ट्रेडमार्क सांभाळणे आणि कंपन्यांकडून येणाऱ्या वर्गण्या व देणग्या स्वीकारणे ही तिची कामे आहेत. संचालक मंडळ सभासदांतून निवडले जाते आणि विनामानधन काम करते. पगारी कर्मचारी त्या काळात इतके थोडे होते की मोजायला एका हाताची बोटेही पुरी लागली नसती.

२००५ मध्ये गूगलने ‘समर ऑफ कोड’ हा उपक्रम सुरू केला. त्यात विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पावर काम करतात आणि त्यांना मानधन गूगल देते. २००६ मध्ये त्या उपक्रमासाठी ग्नोमकडे १८१ अर्ज आले. त्यांत एकाही स्त्रीचा अर्ज नव्हता.

हा आकडा पाहिल्यावर हॅना वॉलक आणि ख्रिस बॉल या दोघांच्या पुढाकाराने ग्नोमने त्याच उन्हाळ्यात खास स्त्रियांसाठी एक छोटा उपक्रम जाहीर केला. काम त्याच स्वरूपाचे होते आणि प्रत्येकी ३००० डॉलरची रक्कम तर गूगलच्या मानधनापेक्षा कमीच होती. फरक होता तो आवाहनाच्या भाषेत. स्पर्धेत उतरा असे न सांगता, शिकायला मिळेल आणि शिकवायला माणूस सोबत असेल, असे त्यात म्हटले होते. या आवाहनाला शंभराहून अधिक अर्ज आले आणि सहा जणींची निवड झाली. मुलींना या क्षेत्रात रसच नसतो, ही त्या काळी सर्रास ऐकू येणारी सबब यानंतर टिकणे कठीण होते. एकाच प्रकल्पाने एकाच उन्हाळ्यात दोन आवाहने केली आणि एकाला शून्य, दुसऱ्याला शंभरावर प्रतिसाद मिळाला, तेव्हा फरकाचे कारण आवाहनातच शोधायला हवे होते.

तरीही २००६ चा उपक्रम एका उन्हाळ्यापुरताच राहिला. तो पुन्हा भरवण्याची जबाबदारी कोणाच्याही गळ्यात नव्हती. स्वयंसेवी संस्थांत बहुतेक चांगल्या गोष्टी अशाच थांबतात; त्यांना विरोध कोणी करत नाही, फक्त पुढच्या वर्षी पुढाकार घेणारा माणूस दुसऱ्या कामात अडकलेला असतो.

दुसरी सुरुवात

२०१० मध्ये ग्नोमने कार्यक्रम नव्याने आखला. ही जबाबदारी मरीना झुराखिन्स्काया यांनी घेतली. त्या रेड हॅटमध्ये अभियंता होत्या आणि ग्नोमच्या नव्या रूपावर, म्हणजे ग्नोम शेलवर, काम करत होत्या. डिसेंबर २०१० मध्ये सुरू झालेल्या पहिल्या फेरीत आठ जणी होत्या.

नव्या आखणीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट माझ्या मते अर्जाची अट ही होती. अर्ज करणाऱ्या व्यक्तीने निवड होण्यापूर्वीच त्या प्रकल्पाला काहीतरी प्रत्यक्ष योगदान दिलेले असले पाहिजे, मग ते कितीही लहान का असेना. एखादी चूक दुरुस्त करावी, सूचना-पुस्तिकेतील एखादे पान सुधारावे, एखादे चिन्ह रेखाटावे. या अटीमुळे निवड गुणपत्रिकेवर किंवा सफाईदार इंग्रजी निबंधावर होण्याऐवजी कामावर होऊ लागली. मार्गदर्शकाला कळे की ही व्यक्ती अडली की विचारते किंवा नाही, सुचवलेली सुधारणा करून पुन्हा पाठवते किंवा नाही. अर्जदारालाही कळे की हे लोक कसे वागतात आणि यांच्याबरोबर तीन महिने काढणे आपल्याला जमेल का. ज्यांची निवड होत नसे त्यांच्याही नावावर प्रकल्पात एक दुरुस्ती लागलेली असे, आणि त्यांतील काही जणी पुढच्या फेरीत पुन्हा येत.

अट घालायची तर ती पुरी करायला हाताशी माणूसही हवा. म्हणून प्रत्येक कामापुढे मार्गदर्शकाचे नाव लिहिले गेले आणि अर्ज करण्यापूर्वीच त्यांच्याशी बोलावे असे सांगितले गेले. विद्यार्थी असण्याचे बंधन काढले गेले, त्यामुळे नोकरी सोडून घरी असलेल्या किंवा दुसऱ्या क्षेत्रातून येऊ पाहणाऱ्या स्त्रियांनाही दार उघडे झाले. कोड लिहिण्याबरोबर दस्तऐवजीकरण आणि डिझाइन ही कामेही तितक्याच मानाने यादीत आली.

या पहिल्या योगदानाचे जवळून दर्शन घ्यायचे तर लिनक्स कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, उदाहरण घ्यावे. कर्नल प्रकल्प २०१३ मध्ये या कार्यक्रमात आला. त्याची ख्याती तोवर फटकळपणाबद्दल होती. तिथे नवख्याने पाऊल टाकणे म्हणजे धाडसच मानले जाई. या प्रकल्पातील समन्वयकांनी अर्जदारांना ‘स्टेजिंग’ या विभागाकडे पाठवले. ज्या ड्रायव्हरांचा (संगणकाला जोडलेली उपकरणे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) कोड अद्याप कर्नलच्या दर्जाला उतरलेला नाही, ते तिथे ठेवलेले असतात. कर्नलबरोबरच एक तपासणी-स्क्रिप्ट मिळते. ती एखाद्या फाइलवर चालवली की कुठे ओळ फार लांब आहे, कुठे कंस चुकीच्या जागी आहे, कुठे टॅबऐवजी रिकाम्या जागा वापरल्या आहेत, हे ती सांगते. यांतील एक चूक सुधारायची, बदल का केला हे दोन ओळींत लिहायचे आणि तो बदल, म्हणजे ‘पॅच’, ठरलेल्या पद्धतीने ईमेलने पाठवायचा. ईमेल साध्या मजकुराचीच हवी. नेहमीच्या मेल-सेवेतून पाठवली तर रिकाम्या जागा बदलतात आणि पॅच लागतच नाही, म्हणून पहिला दिवस बहुधा मेलची जुळवाजुळव करण्यातच जातो. मग उत्तर येते की शीर्षकात विभागाचे नाव नाही, किंवा एकाच पॅचमध्ये दोन प्रकारचे बदल आहेत, ते वेगळे करा. दुसरी आवृत्ती जाते, कधी तिसरीही. अखेर देखभाल करणारा माणूस तो पॅच स्वीकारतो. बदललेली ओळ क्षुल्लक असते, पण पॅच लिहिणे, पाठवणे, टीका ऐकणे आणि सुधारून पुन्हा पाठवणे हा सगळा रस्ता अर्जदार एकदा चाललेली असते. त्या पहिल्या फेरीत चाळीसेक जणींनी काही दिवसांत शेकडो पॅच पाठवले. कर्नलच्या जुन्या मंडळींनाही यामुळे प्रथमच लक्षात आले की आपल्या दारातील पायऱ्या किती उंच आहेत.

वाढ

२०११ मध्ये वकील असलेल्या कॅरन सँडलर ग्नोम फाउंडेशनच्या कार्यकारी संचालक झाल्या आणि कार्यक्रमाला त्यांचे पाठबळ मिळाले. इतर प्रकल्पांकडून विचारणा होऊ लागली होती. २०१२ मध्ये सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेमार्फत ट्विस्टेड हा प्रकल्प सहभागी झाला आणि त्यापाठोपाठ मोझिला, विकिमीडिया, ओपनस्टॅक, फेडोरा असे मोठे प्रकल्प आले. आठ जणींपासून सुरू झालेला कार्यक्रम २०१३ मध्ये एकेका फेरीला तिसाच्या घरात किंवा त्याच्याही पुढे गेला, आणि वर्षाला फेऱ्या दोन.

इतर प्रकल्पांना सामावून घेण्याचा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. एखाद्या प्रकल्पाने एकट्याने स्त्रियांना बोलावले, तर ती त्या प्रकल्पाची लहर ठरते. वीस प्रकल्पांनी मिळून तेच केले, तर ती त्या क्षेत्राची रीत होते. शिवाय प्रत्येक प्रकल्पाने आपापली पद्धत नव्याने शोधण्यापेक्षा एकाच ठिकाणी ती घडलेली बरी.

पण कार्यक्रम ग्नोमच्या अंगणाबाहेर गेला, तरी त्याची तिजोरी मात्र ग्नोमच्याच घरात राहिली.

पैसा कसा अडकला

व्यवहार असा होता. प्रायोजक कंपनी किंवा सहभागी प्रकल्प ‘आम्ही इतक्या इंटर्नचा (निवड झालेल्या प्रशिक्षणार्थींचा) खर्च उचलतो’ असे कळवी. फेरी सुरू होई. ठरलेल्या तारखांना प्रत्येक इंटर्नला विद्यावेतनाचा हप्ता देणे भाग असे, कारण तीन महिने पूर्ण वेळ काम करणाऱ्या व्यक्तीला ‘तुमच्या प्रायोजकाचे पैसे अजून आले नाहीत’ असे सांगणे शोभणारे नव्हते. हे पैसे ग्नोम फाउंडेशन आपल्या खात्यातून देई आणि मागाहून प्रायोजकाकडून वसूल करी. काम स्वतःच्या प्रकल्पाचे नसले तरी पदरमोड ग्नोमची होती.

गणेशोत्सव मंडळाचा खजिनदार वर्गणी जमायच्या आधी मंडपवाल्याला स्वतःच्या खिशातून आगाऊ रक्कम देतो, तसाच हा प्रकार. मंडप एक असेपर्यंत ते निभावते. इथे मंडपांची संख्या दर सहा महिन्यांनी वाढत होती.

ढोबळ हिशेब करून पाहू. त्या काळी विद्यावेतन ५००० डॉलर होते. एका फेरीत तीस जणी धरल्या तर नुसत्या विद्यावेतनाचेच दीड लाख डॉलर होतात आणि वर्षाच्या दोन फेऱ्यांचे तीन लाख. ग्नोम फाउंडेशनसारख्या, वर्षाची एकूण उलाढालच काही लाख डॉलरांच्या घरात असलेल्या संस्थेच्या दृष्टीने ही रक्कम किरकोळ नव्हती. ताळेबंदात ती ‘येणे’ म्हणून दिसत होती, त्यामुळे कागदावर संस्था बुडालेली नव्हती. पण येणे रकमेतून परिषदेच्या सभागृहाचे भाडे देता येत नाही.

वसुली का रखडली? प्रायोजक पैसे द्यायला तयारच नव्हते, असे नाही. मोठ्या कंपनीकडून पैसे निघायचे तर प्रथम संस्थेची विक्रेता म्हणून नोंदणी व्हावी लागते, मग खरेदी-आदेश निघतो, त्याचा क्रमांक घालून बिल पाठवावे लागते, ते योग्य विभागात पोहोचावे लागते आणि त्यानंतर तीस, साठ किंवा नव्वद दिवसांची मुदत सुरू होते. यांतील एक जरी दुवा निसटला, तरी बिल कुणाच्या तरी टेबलावर पडून राहते आणि नकारही कळत नाही. कंपनीत ज्याने होकार दिला तो अभियंता असतो, पैसे देणारा विभाग त्याला ओळखतही नसतो. प्रत्येक प्रायोजकामागे कोणीतरी आठवण करून देणारे, पुन्हा पाठवणारे, फोन करणारे लागते. त्यातच इंटर्न जगभर विखुरलेल्या असल्याने प्रत्येकीचे बँक-तपशील, करविषयक कागद, परदेशी रक्कम पाठवण्याचे शुल्क, परत आलेले धनादेश हे वेगळेच काम. फाउंडेशनमध्ये हे सर्व मोजक्या माणसांवर येऊन पडले होते, आणि प्रशासकीय कामाचा कर्मचारी अर्धवेळ होता. कार्यक्रम तीन-चार पटींनी वाढला, कचेरी वाढली नाही.

याच सुमारास कॅरन सँडलर ग्नोम सोडून सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सीच्या कार्यकारी संचालक झाल्या. फाउंडेशनला नवा कार्यकारी संचालक मिळायला २०१७ उजाडले. म्हणजे ज्या काळात वसुलीचा पाठपुरावा सर्वांत जास्त हवा होता, त्याच काळात पूर्ण वेळ लक्ष देणारे कोणी नव्हते आणि ते काम दिवसा दुसरीकडे नोकरी करणाऱ्या विनामानधन संचालकांना रात्री बसून करावे लागले.

खापर

बातमी बाहेर पडली तेव्हा तिचे रूप झपाट्याने बदलले. ‘प्रायोजकांची येणी थकली, म्हणून रोख कमी पडली’ हे लांबलचक आणि कंटाळवाणे वाक्य कोणी पुढे सांगितले नाही. ‘स्त्रियांसाठीच्या कार्यक्रमामुळे ग्नोमचे दिवाळे निघाले’ हे वाक्य मात्र वणव्यासारखे पसरले. ग्नोमच्या तिसऱ्या आवृत्तीतील बदलांवर आधीच नाराज असलेल्या अनेकांना हे आयतेच कोलीत मिळाले. प्रोग्रामरांची संस्था समाजकार्याच्या नादी लागली की असेच होणार, असा सूर निघाला.

ही टीका तपासून पाहण्याजोगी आहे, कारण तिच्यात एक कण तथ्याचा आहे. फाउंडेशनने आपल्या आवाक्याबाहेरचे काम अंगावर घेतले होते, हे खरे. पण ते काम स्त्रियांसाठी होते म्हणून आवाक्याबाहेर होते, असे नाही. इतर संस्थांच्या वतीने आगाऊ पैसे देण्याची हीच पद्धत प्रिंटर-ड्रायव्हरांच्या विकासासाठी वापरली असती, तरी तिजोरी तितकीच रिकामी झाली असती, आणि तेव्हा ‘प्रिंटरांनी ग्नोमचे दिवाळे काढले’ असे कोणी म्हटले नसते.

संचालक मंडळाने या गदारोळात एक गोष्ट चोख केली. त्याने प्रश्नोत्तरांच्या रूपात सविस्तर खुलासा केला. रोख का संपली, इंटर्नना पैसे मिळणार का, कोणते खर्च थांबवले, पुढे काय करणार, हे त्यात स्पष्ट मांडले. एखाद्या व्यक्तीवर दोष ढकलला नाही आणि कार्यक्रमाचीही बाजू सोडली नाही. अडचणीत आलेली संस्था सहसा मोघम बोलते. इथे सभासदांना निदान हे कळले की पैसा गेलेला नाही, अडकलेला आहे. खर्चबंदीची झळ सर्वाधिक लागली ती स्वयंसेवकांच्या लहान बैठकांना, ज्यांत पाच-दहा जण एका शहरात जमून आठवडाभर एखाद्या भागावर एकत्र काम करतात. ग्नोमच्या सामूहिक जीवनात या बैठकांना परिषदेइतकेच मोल आहे, त्यामुळे जुन्या स्वयंसेवकांची चिडचिड समजण्यासारखी होती. आउटरीचमुळे आपला प्रवासखर्च गेला, ही भावना नव्या आणि जुन्या लोकांत दुरावा निर्माण करू शकते, आणि एखाद्या समुदायाला पैशाच्या टंचाईपेक्षा तो दुरावा महाग पडतो.

पुढील महिन्यांत थकलेली येणी वसूल होत गेली आणि वार्षिक परिषद त्या उन्हाळ्यात स्ट्रासबर्ग येथे पार पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आणखी एक प्रसंग घडला, त्याची नोंद ओघात घेण्यासारखी आहे. ग्रुपॉन या कंपनीने ‘ग्नोम’ याच नावाने एक उत्पादन आणले आणि ट्रेडमार्कसाठी अर्ज केले. त्यांना हरकत घेण्याच्या कायदेशीर खर्चासाठी फाउंडेशनने ८०,००० डॉलरचे आवाहन केले, लोकांनी झपाट्याने देणग्या दिल्या आणि कंपनीने माघार घेतली. बाहेरचा प्रतिस्पर्धी समोर असला की समुदाय एका दिवसात पैसा उभा करतो. मात्र थकीत बिलांमागे महिनोन् महिने लागण्यासाठी त्याच समुदायात अर्धा माणूसही सापडत नाही, हे २०१४ या एकाच वर्षात दिसून आले.

स्थलांतर

२०१५ च्या सुरुवातीला कार्यक्रम ग्नोम फाउंडेशनकडून सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सीकडे गेला आणि त्याचे नाव ‘आउटरीची’ झाले. कॉन्झर्व्हन्सीचे मूळ कामच अनेक प्रकल्पांचे पैसे, करार आणि हिशेब सांभाळणे हे आहे. ग्नोमला जे जोडकाम होते, ते तिथे रोजचे काम होते. मरीना झुराखिन्स्काया आणि कॅरन सँडलर संयोजनात राहिल्या आणि कर्नलच्या बाजूने समन्वय करणारे सेज शार्पही पुढे संयोजक झाले.

पैशाच्या रचनेतही शिस्त आली. एका इंटर्नमागे प्रायोजकाकडून ६५०० डॉलर घेतले जाऊ लागले. त्यांत ५५०० विद्यावेतन, ५०० प्रवासासाठी आणि ५०० कार्यक्रमाच्या व्यवस्थापनासाठी अशी विभागणी होती. शेवटचे ५०० मला या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत बोलके वाटतात. स्वयंसेवी संस्थांना व्यवस्थापनाचा खर्च मागायला संकोच वाटतो. सगळा पैसा थेट लाभार्थीकडे जातो असे सांगण्यात त्यांना भूषण वाटते. पण ते व्यवस्थापन कोणीतरी करतच असते, आणि त्याचे पैसे कोणी दिले नाहीत तर ते कुणाच्या तरी झोपेतून किंवा संस्थेच्या गंगाजळीतून वळते होतात. याशिवाय कोणत्या इंटर्नचा खर्च कोण उचलणार हे निवड जाहीर होण्यापूर्वीच पक्के करण्याची पद्धत रूढ झाली.

पात्रतेचे निकषही टप्प्याटप्प्याने रुंदावले. स्त्रियांबरोबर ट्रान्स व्यक्ती, अमेरिकेतील कृष्णवर्णीय, लॅटिन व आदिवासी समूहांतील व्यक्ती यांचा समावेश झाला आणि नंतर आपल्या देशातील तंत्रज्ञान क्षेत्रात ज्यांना भेदभाव सोसावा लागतो अशा जगभरातील कोणालाही अर्ज करता येऊ लागला. तो अनुभव अर्जातील निबंधवजा उत्तरांत लिहायचा असतो. यावरही वाद झाला. २०१८ मध्ये एल.एल.व्ही.एम. या कंपायलर-प्रकल्पातील (कंपायलर म्हणजे लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारे साधन) एका जुन्या आणि मोलाच्या विकसकाने प्रकल्प सोडला, तेव्हा दिलेल्या कारणांत या कार्यक्रमाशी प्रकल्पाने जोडून घेणे हेही एक होते. पुढे इंटर्नची एकूण संख्या हजाराच्या वर गेली. २०२२ मध्ये मरीना झुराखिन्स्काया यांचे निधन झाले.

भारतातून या कार्यक्रमात येणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे, आणि म्हणूनच इथल्या दोन अडचणी नोंदवायला हव्यात. पहिली वेळापत्रकाची. विद्यार्थी अर्जदाराला प्रशिक्षणाच्या काळात सलग ४९ दिवस महाविद्यालय आणि परीक्षा यांतून मोकळे असल्याचे दाखवावे लागते आणि त्यासाठी शैक्षणिक वेळापत्रकाचा आधार द्यावा लागतो. महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या परीक्षा मे-जूनमध्ये रेंगाळतात, पुढचे सत्र लगेच सुरू होते आणि परीक्षेचे अंतिम वेळापत्रक कित्येकदा अगदी तोंडावर येते. ज्या विद्यार्थिनीला स्वतःच्या विद्यापीठाने तारीख सांगितलेली नाही, तिने ती अमेरिकेतील संयोजकांना कशी सांगायची? नियम वाजवी आहे, पण तो लिहिताना अशी विद्यापीठे डोळ्यांपुढे नव्हती. दुसरी अडचण निबंधाची. आपल्याकडे भेदभाव म्हटला की जात, गाव आणि शिक्षणाचे माध्यम या गोष्टी आधी येतात, आणि ज्यांनी त्या सर्वाधिक सोसल्या त्यांना त्या परक्या वाचकाला इंग्रजीत समजावून सांगणेच सर्वांत अवघड जाते. इथे महाराष्ट्रातील जुन्या इंटर्न आणि स्थानिक गट पुष्कळ मदत करू शकतात. उत्तरे लिहून देऊ नयेत; मराठीत बोलते करून, आपला कोणता अनुभव सांगण्याजोगा आहे हे ओळखायला हातभार लावावा.

उरलेली नोंद

पैशांचा प्रश्न सुटल्यावर दुसरी टंचाई उघडी पडली, ती मार्गदर्शकांच्या वेळेची. मार्गदर्शकाने एका इंटर्नसाठी आठवड्याला किमान पाच तास द्यावेत अशी अपेक्षा असते, म्हणजे तीन महिन्यांचे साठाहून अधिक तास. अर्जांच्या काळात तर एका मार्गदर्शकाच्या दारात एकाच वेळी डझनावारी नवखे लोक उभे असतात, प्रत्येकाला पहिल्या योगदानाची अट पुरी करायची असते, आणि सोप्या चुका तितक्या शिल्लक नसतात. दोघे एकाच चुकीवर काम करून पाठवतात, मग कोणाचे घ्यायचे यावर रुसवेफुगवे होतात. मार्गदर्शक जोडीने घ्यावेत, कामे आधीच वाटून ठेवावीत, असे उपाय केले जातात आणि त्यांनी भार हलका होतो.

प्रायोजकाच्या त्या ६५०० डॉलरांत विद्यावेतनाचे पैसे होते, प्रवासाचे होते, व्यवस्थापनाचेही आले. मार्गदर्शकाच्या तासांचे नव्हते. ज्यांची कंपनी हे काम नोकरीचा भाग मानते त्यांचे निभावते. बाकीचे स्वतःच्या संध्याकाळी देतात आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर त्यांच्यापैकी काही जण पुढच्या यादीत नाव घालत नाहीत. ती जागा रिकामी राहिली की त्या प्रकल्पात त्या फेरीला एक इंटर्न कमी घेतली जाते, आणि ही घट कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही.